जशी फुंकर तसा आकडा : श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची तपासणी

छातीच्या डॉक्टरांकडे दम्यासाठी जाऊन आलेल्या आपल्या माणसांच्या हातात हल्ली एक नवी पावती दिसू लागली आहे. तिच्यावर ‘फेनो’ असं लिहिलेलं असतं, पुढे एक आकडा असतो, १८ किंवा ३४ किंवा ७१, आणि त्याच्यापुढे ‘पीपीबी’. एक्स-रे असला तर निदान खिडकीकडे धरून बघता तरी येतो. या पावतीवर त्या एका आकड्याशिवाय बघण्यासारखं काही नसतं. मग घरी आल्यावर प्रश्न सुरू होतात. आकडा जास्त आला म्हणजे दमा वाढला का? कमी आला म्हणजे दमा नाहीच का? मग पंप बंद करायचा का?

आम्ही नर्सिंगची पदविका घेऊन बरीच वर्षं वॉर्डात काढली आणि आता वस्त्यांमधून फिरतो, त्यामुळे अशा पावत्या आमच्यासमोर येतात. पावती पुढे केली की आम्ही आकड्याबद्दल काही बोलण्याआधी विचारतो, “फुंकायला कसं लावलं होतं? आधी काय खाल्लं होतं? किती वेळा फुंकलं?” समोरच्याला वाटतं, सिस्टर विषय टाळतायत. पण विषय तोच आहे. बीपी मोजताना पट्टा सैल असेल, किंवा माणूस तीन जिने चढून धापा टाकत आला असेल, तर आकडा चुकतो, हे आता वस्तीतल्या म्हाताऱ्या आजींनाही माहीत आहे. फेनोची तपासणी बीपीपेक्षाही नाजूक आहे. तोच माणूस, तेच फुफ्फुस, तेच यंत्र, पण फुंकायची पद्धत बदलली तर आकडा दुप्पट होऊ शकतो किंवा निम्म्यावर येऊ शकतो. म्हणून जगभरच्या डॉक्टरांनी बसून या फुंकरीचे नियम ठरवले. ते नियम फक्त यंत्र चालवणाऱ्याने पाठ करायचे नाहीत. फुंकणारे आपण आहोत, तेव्हा आपल्यालाही ते माहीत हवेत.

हा वायू कोणता?

नावावरून गोंधळ होतो, म्हणून आधी तो मिटवू. ऑपरेशनच्या वेळी भूल देताना हुंगवतात तो नायट्रस ऑक्साइड. आपण बोलतोय तो नायट्रिक ऑक्साइड. गाड्यांच्या धुरात हा असतो, गॅसच्या शेगडीच्या ज्योतीतही तयार होतो. त्यामुळे बराच काळ लोक त्याला नुसतं प्रदूषणच समजत होते. पुढे लक्षात आलं की आपलं शरीर स्वतःच तो अगदी थोड्या प्रमाणात तयार करतं आणि त्याच्याकडून निरोप्याचं काम करून घेतं. रक्तवाहिनी सैल कर, हा निरोप तोच पोचवतो. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी शरीरात गेल्यावर हाच वायू सोडते, म्हणून वाहिन्या सैल पडतात. या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आता दम्याकडे येऊ. दमा म्हणजे श्वासनळी आवळली जाणं एवढंच नाही. नळीच्या आतल्या अस्तराला सूज असते. ही सूज ॲलर्जीच्या जातीची असली की अस्तरातल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवू लागतात आणि तो बाहेर पडणाऱ्या श्वासात मिसळतो. श्वासात हा वायू असतो, हे स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी १९९१ साली दाखवलं. दम्याच्या रुग्णांच्या श्वासात तो निरोगी माणसापेक्षा जास्त असतो, हे १९९३ साली पुढे आलं. सुई नाही, रक्त नाही, नुसती एक फुंकर आणि आतल्या सुजेचा अंदाज! डॉक्टर मंडळी हरखली, यात नवल नाही. पंपातून स्टेरॉइड घेतलं की ही सूज उतरते आणि आकडाही खाली येतो, त्यामुळे औषध लागू पडतंय का हेही कळण्याची सोय झाली.

मात्र मोजायचं आहे ते फारच थोडं. पीपीबी म्हणजे हवेच्या शंभर कोटी कणांमागे या वायूचे कण किती. शंभर कोटी माणसांच्या गर्दीतून पंचवीस जण हुडकून काढायचे, असं हे काम. एवढं बारीक मोजायचं म्हटल्यावर जरासा ढिलेपणाही खपत नाही.

एकाचा मेळ दुसऱ्याला नाही

सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक प्रयोगशाळेने आपापल्या रीतीने मोजलं. कुणी माणसाला नेहमीसारखा श्वास घ्यायला-सोडायला लावून मोजायचं, कुणी जोरात फुंकायला लावून, कुणी श्वास रोखून धरायला लावून, कुणी पिशवीत हवा भरून घेऊन. आकडेही तसेच आले. एका गावचा निरोगी माणूस दुसऱ्या गावच्या दमेकऱ्याच्या बरोबरीला बसायला लागला.

याची दोन मोठी कारणं सापडली. पहिलं कारण नाक. नाकाच्या बाजूला हाडांमध्ये ज्या पोकळ्या असतात (सायनस म्हणतात त्या) तिथे नायट्रिक ऑक्साइड भरपूर तयार होतो, शेकड्यांनी, कधी हजारांनी पीपीबी. छातीतून येणाऱ्या श्वासात तो असतो वीस-पंचवीस. म्हणजे फुंकताना नाकातली थोडी हवा जरी तोंडात उतरली, तरी आपण छाती सोडून नाकच मोजत बसतो.

दुसरं कारण म्हणजे फुंकरीचा वेग. हवा नळीतून सावकाश गेली तर अस्तराजवळ जास्त वेळ राहते आणि तिथला वायू जास्त उचलते. भरकन गेली तर कमी उचलते. गाळणीतल्या चहापत्तीवरून गरम पाणी भस्सकन ओतलं तर फिका चहा मिळतो, हळूहळू ओतलं तर कडक मिळतो, तसंच. कॅनडातल्या टोरोंटोच्या फिलिप सिल्कॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली हे पक्कं मोजून दाखवलं. त्यांनी त्याच त्या माणसांना अगदी संथ वेगापासून अगदी जोराच्या वेगापर्यंत फुंकायला लावलं, तेव्हा आकड्यात तीस पटींहून जास्त फरक पडला. दमा तोच, फरक फक्त वेगाचा!

मग नियम आले. युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीने १९९७ साली काही शिफारशी केल्या, अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने १९९९ साली केल्या. पण दोघांचे वेग वेगळे होते, म्हणजे अटलांटिकच्या अलीकडचा आकडा पलीकडे चालेना. शेवटी दोघांनी मिळून २००५ साली एकच कागद काढला. मोठ्या माणसांसाठी आज जगभर जी रीत वापरतात ती मुख्यतः त्या कागदातली आहे. सेकंदाला ५० मिलिलिटर, हा त्यातला मधला खांब.

जोर लावायचा नाही

५० मिलिलिटर म्हणजे किती? खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर १० मिलिलिटरचं झाकण असतं. अशी पाच झाकणं हवा एका सेकंदात. दहा सेकंद फुंकलं तर अर्धा लिटर. शांत बसलेलो असताना आपण एका श्वासात साधारण तेवढीच हवा सोडतो, पण ती दोन-तीन सेकंदांत सोडून मोकळे होतो. इथे तीच हवा लांबवायची आहे. चुलीतला विस्तव फुलवायला मारतो तशी फुंकर इथे चालत नाही.

आपल्या लोकांचं नेमकं इथे बिनसतं. छातीची दुसरी तपासणी असते स्पायरोमेट्री. तिच्यात तंत्रज्ञ शेजारी उभा राहून ओरडत असतो, “फुंका, फुंका, जोरात, अजून, अजून!” ज्याने ती आधी केलेली असते त्याच्या डोक्यात तेच बसलेलं असतं. फेनोला तो जीव खाऊन फुंकतो, यंत्र लाल दिवा दाखवतं, आणि रांगेतले लोक हसतात. रीत समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मळके कपडे घालून आलेल्या माणसाच्या वाट्याला कमी येतात, हे आम्ही ओपीडीत उभं राहून बघितलेलं आहे. म्हणून ती दोन मिनिटं इथेच घेतो.

बसायचं ताठ, आरामात. आधी छातीतली हवा मोकळी सोडायची. मग यंत्राची नळी ओठांत घट्ट धरायची आणि त्या नळीतूनच, तोंडाने, दोन ते तीन सेकंदांत छाती पूर्ण भरेपर्यंत श्वास आत घ्यायचा. नाकाने घ्यायचा नाही, कारण नाकातला वायू छातीत जाईल. यंत्रात एक गाळणी असते, ती खोलीतल्या हवेतला नायट्रिक ऑक्साइड काढून टाकते. रस्त्याच्या कडेच्या दवाखान्यात, जिथे दिवसभर गाड्यांचा धूर येतो, तिथे या गाळणीचं महत्त्व फार. नियम असा की आत जाणाऱ्या हवेत तो ५ पीपीबीपेक्षा कमी असावा, आणि खोलीतल्या हवेत किती आहे तेही नोंदवावं.

छाती भरली की थांबायचं नाही. श्वास रोखून धरला तर नळ्यांमध्ये वायू साचतो आणि आकडा फुगतो. लगेच, सावकाश, एका लयीत सोडायला लागायचं. यंत्रात मुद्दाम अडसर ठेवलेला असतो, त्यामुळे फुंकताना थोडा विरोध जाणवतो. हा विरोध पाण्याच्या ५ ते २० सेंटीमीटर उंचीइतका असावा असं ठरलेलं आहे. ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉ पाचेक सेंटीमीटर बुडवून बुडबुडे काढायला जेवढा दाब लागतो, कमीत कमी तेवढा. या दाबाचं काम मोठं हुशारीचं आहे. विरोधाविरुद्ध फुंकलं की आपला मऊ टाळू, म्हणजे पडजीभ जिथे लोंबते तो भाग, आपोआप वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद करतो. नाकाचा वायू तिकडेच राहतो. आधी सांगितलेली पहिली अडचण अशी सुटली.

म्हणूनच इथे नाकाला चिमटा लावत नाहीत. स्पायरोमेट्रीत लावतात, इथे नाही. चिमट्याने नाकात वायू कोंडतो आणि मागच्या बाजूने घशात उतरू शकतो. कुणी सवयीने चिमटा लावायला आलंच, तर “सिस्टर, फेनोला चिमटा लागतो का हो?” एवढं विचारायला हरकत नाही.

वेग ठरलेल्या ५० च्या जवळ, म्हणजे ४५ ते ५५ च्या दरम्यान राहायला हवा. काही यंत्रांच्या पडद्यावर एखादं चित्र हलतं, ते मधोमध राहील असं फुंकायचं असतं. काही यंत्रांत दिवा किंवा आवाज असतो. नजर चित्रावर ठेवा, गाल फुगवू नका. मोठ्या माणसाने किमान ६ सेकंद फुंकायचं. हातात धरायच्या काही यंत्रांना १० सेकंद लागतात. सुरुवातीला आकडा वर-खाली होतो, कारण आधी तोंड-घशातली हवा निघून जात असते. मग तो सपाट होतो. त्या सपाटीचे ३ सेकंद खरे कामाचे, आकडा तिथून घेतात. म्हणून चौथ्या सेकंदाला धाप लागून सोडून दिलं तर ती फुंकर धरत नाहीत.

आणि एक फुंकर पुरत नाही. मधे किमान अर्धा मिनिट नेहमीसारखा श्वास घेऊन विसावायचं आणि पुन्हा फुंकायचं. दोन आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत आले की त्यांची सरासरी पावतीवर लिहायची. रांग लांब असली की एकदाच फुंकून घेऊन पुढे ढकलतात. “दुसऱ्यांदा घेणार ना?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. त्या दिवसाची मजुरी बुडवून आपण आलेलो असतो.

पिशवीत हवा भरून नंतर मोजायचीही एक पद्धत आहे. तिच्यासाठी वेग ठरवला आहे सेकंदाला ३५० मिलिलिटर, म्हणजे तिचे आकडे मुळातच कमी येणार. पिशवीचा आकडा आणि थेट यंत्रात फुंकलेला आकडा यांची तुलना करूच नये.

घरून निघण्याआधी

एक तास आधी काही खायचं-प्यायचं नाही. बाहेर चहाची टपरी दिसली तरी तपासणी झाल्यावर. एक तास बिडी-सिगारेट नाही, दमछाक होईल असं काम किंवा धावपळ नाही. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर असला तर जरा आधी पोचा आणि बसून घ्या.

खाण्याच्या बाबतीत एक गोष्ट लोकांना पटत नाही, पण ती खरी आहे. पालक, बीट, मुळा, सॅलडची पानं यांत नायट्रेट भरपूर असतं. ते पोटात गेल्यावर श्वासातला नायट्रिक ऑक्साइड वाढतो, आणि साधारण दोन तासांनी सर्वांत जास्त वाढलेला असतो. म्हणजे सकाळी पालकाची भाजी-भाकरी खाऊन दीड-दोन तासांनी फुंकलं तर आकडा भाजीमुळेही वर जाईल. या भाज्या चांगल्याच आहेत, रोज खाव्यात. तपासणीच्या दिवशी सकाळी तेवढ्या नकोत.

सर्दी-खोकला, ताप, घसा धरलेला असेल तर विषाणूच्या सुजेनेही आकडा चढतो. शक्य असेल तर बरं झाल्यावर जा. जाणं टाळता येत नसेल, तर पावतीवर “सर्दी आहे” असं लिहून घ्या. तसंच फेनो आधी, स्पायरोमेट्री नंतर. स्पायरोमेट्रीत जोरजोरात फुंकल्यावर हा आकडा काही काळ खाली जातो. दोन्ही एकाच दिवशी असतील तर क्रम विचारून घ्या.

पंपाची नोंद सर्वांत महत्त्वाची. कोणता पंप, दिवसातून किती वेळा, शेवटचा कधी घेतला, हे कागदावर लिहून न्या. किंवा पंपच पिशवीत टाकून न्या, ते सोपं. तपासणी आहे म्हणून स्वतःच्या मनाने पंप बंद करू नका. बंद ठेवायचा असेल तर तो डॉक्टर सांगतील.

बिडी ओढत असाल तर तेही सांगा, लाजू नका. कारण बिडी-सिगारेटमुळे हा आकडा खाली जातो. ऐकायला विचित्र वाटतं, धुराने छातीचं नुकसान होतं आणि आकडा मात्र चांगला दिसतो. आम्हाला या तपासणीतली सर्वांत धोक्याची जागा हीच वाटते. रोज बंडल ओढणाऱ्या माणसाला १४ आकडा येतो, तो घरी येऊन बायकोला पावती दाखवतो, “बघ, छाती साफ आहे.” ती पावती तसं काहीही सांगत नसते.

आकडा काय म्हणतो

अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०११ साली डॉक्टरांसाठी मार्गदर्शन काढलं, त्यातल्या मोठ्या माणसांच्या सीमा अशा. २५ च्या खाली आकडा असेल तर ॲलर्जीच्या जातीची सूज असण्याची आणि पंपातलं स्टेरॉइड लागू पडण्याची शक्यता कमी. ५० च्या वर असेल आणि लक्षणंही असतील, तर अशी सूज असण्याची आणि स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. २५ ते ५० च्या मधला आकडा एकट्याने काही सांगत नाही, बाकी सगळं बघून ठरवावं लागतं. बारा वर्षांखालच्या मुलांच्या सीमा २० आणि ३५ आहेत. त्यामुळे आईची पावती आणि लेकराची पावती शेजारी ठेवून ताडून बघू नये. ब्रिटनमध्ये २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या नव्या नियमांनीही, दम्याची लक्षणं असलेल्या मोठ्या माणसाचा आकडा ५० किंवा जास्त आला तर दमा आहे असं निदान करायला मान्यता दिली आहे.

“लक्षणं असतील तर” हे शब्द सोडून वाचू नका. घरघर नाही, रात्री खोकल्याने जाग येत नाही, धाप नाही आणि आकडा ५५, तर हे नुसतं ॲलर्जीच्या प्रकृतीमुळेही असू शकतं. वर्षभर शिंका आणि नाक गळणं असलेल्यांचा आकडा दमा नसतानाही चढलेला दिसतो.

उलट बाजू आपल्या वस्त्यांसाठी जास्त महत्त्वाची. आकडा कमी आला म्हणून दमा नाही, असं ठरत नाही. ॲलर्जीच्या जातीची सूज नसलेलाही दमा असतो, त्यात आकडा चढत नाही. जो माणूस नेमाने स्टेरॉइडचा पंप घेतो त्याचा आकडा त्या पंपामुळेच खाली आलेला असतो. अशा वेळी “नॉर्मल आला” म्हणून पंप फेकून देणं म्हणजे पाऊस लागत नाही म्हणून पावसातच छत्री मिटण्यासारखं आहे. आणि वीस-तीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बायांची छाती बहुतेक वेळा धुराने धरलेली असते, त्या आजारात श्वासनळ्या कायमच्या अरुंद होत जातात. त्यांचा फेनो बरेचदा जेमतेमच येतो. मग घरचे म्हणतात, आईचं काही नाही, टेन्शन आहे, वय झालं. अशा बाईला स्पायरोमेट्रीच करायला हवी, फेनोवर थांबून चालणार नाही.

ही तपासणी सगळीकडे मिळत नाही आणि स्वस्तही नाही. ती झाली नाही म्हणून दम्याचा उपचार अडत नाही. नीट विचारलेला इतिहास, छाती तपासणं, स्पायरोमेट्री आणि घरी वापरता येणारं साधं पीक-फ्लो मीटर यांवर बहुतेकांचं निदान आणि उपचार होतात. त्यामुळे कर्ज काढून फेनो करायला धावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. डॉक्टरांनी सांगितली तर विचारा, “या आकड्यावरून माझ्या औषधात काय बदल होणार?” उत्तर मिळालं तर तपासणी कामाची. धाप इतकी लागली असेल की एक वाक्य धड बोलता येत नाही, ओठ निळे पडतायत, तर मात्र कोणत्याही फुंकरीच्या भानगडीत न पडता पंप घेत सरळ दवाखाना गाठायचा.

दुसऱ्यांदा गेल्यावर

फेनोचा खरा उपयोग पुष्कळदा दुसऱ्या पावतीत असतो. औषध सुरू केल्यावर महिना-दोन महिन्यांनी पुन्हा मोजलं, तर सूज उतरतेय का ते दिसतं. मात्र यंत्रायंत्रांतही थोडा फरक असतो, म्हणून शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर आणि दिवसाच्या साधारण त्याच वेळेला मोजावं. यंत्राच्या आतला मोजणारा भाग ठरावीक मुदतीपुरता आणि ठरावीक तपासण्यांपुरता असतो. तो बदललाय का, हे विचारणारा रुग्ण आम्हाला अजून भेटलेला नाही. भेटला तर आनंद होईल.

दोन आकड्यांत फरक किती पडला तर तो खरा मानायचा, याचाही हिशेब ठरलेला आहे. पहिला आकडा ५० च्या वर असेल तर फरक २० टक्क्यांहून जास्त हवा. ५० च्या खाली असेल तर १० पीपीबीहून जास्त. समजा, एका ताईंचा आकडा आधी ६० होता आणि पंप नेमाने घेतल्यावर ४४ आला. ६० चे २० टक्के होतात १२, उतरले १६, म्हणजे हा उतार खरा. दुसऱ्या एका दादांचा ३२ होता, तो २६ झाला. सहाचाच फरक, तेव्हा तिथे आहे तसंच आहे असं समजायचं, ना पेढे वाटायचे ना घाबरायचं. आणि ६० चा ६८ झाला तरी तो चढ नव्हे.

औषध घेऊनही आकडा वरच राहिला, तर डॉक्टर औषध वाढवण्याआधी दोन गोष्टी तपासतात, आणि त्या आपण घरीच तपासू शकतो. एक, पंप रोज घेतला जातोय का, की बरं वाटलं की सोडला जातो. दुसरी, पंप ओढण्याची रीत बरोबर आहे का. औषध जिभेवर आणि घशात बसलं तर नळीपर्यंत पोचत नाही. पंप सोबत न्या आणि सिस्टरसमोर एकदा ओढून दाखवा.

दोन्ही पावत्या एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. प्रत्येकीच्या मागे पेनाने तारीख, वेळ, त्या दिवशी सर्दी होती का, बिडी ओढली होती का, पंप कोणता चालू होता, एवढं लिहून ठेवा. त्या कागदाची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून आकडाही मागे पेनाने उतरवून घ्या.